अ‍ॅल्युमिनियमचे घरगुती वेल्डिंग : आधी टाके, मग सांधा

(बडोदे येथे मराठीभाषक कारागीर, शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय दिसायला लहान आहे. घराच्या पडवीत किंवा परसातील शेडमध्ये एक छोटे यंत्र मांडून अ‍ॅल्युमिनियमचा सांधा टिग पद्धतीने कसा करावा, आणि तो करताना पत्र्याला बाक येऊ नये, चौकट पिळवटू नये यासाठी कोणती काळजी घ्यावी, एवढाच हा विषय आहे. परंतु लोखंडाचे वेल्डिंग उत्तम करणारा कारागीरदेखील अ‍ॅल्युमिनियम हाती घेतल्यावर पुष्कळदा अडतो. सांधा बसतो, पण चौकट गुण्यात राहत नाही. गिऱ्हाईक वस्तू परत आणून टाकते. महागाचा माल, आर्गॉन वायू आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. मग हा धातूच दगाबाज आहे, असे तो म्हणू लागतो.

धातू दगाबाज नाही. त्याचे नियम लोखंडाच्या नियमांहून वेगळे आहेत, इतकेच. त्या नियमांतून निघणारी मुख्य गोष्ट अशी की, वस्तूला बाक येणार की नाही याचा निकाल आर्क पेटण्यापूर्वीच बव्हंशी लागलेला असतो. मालाची कापणी, सफाई, जुळणी, टाके आणि सांध्यांचा क्रम या पाच गोष्टी ठीक असतील, तर मध्यम हाताचा कारागीरही सरळ काम देऊ शकतो. या पाच गोष्टी बिघडलेल्या असतील, तर कसलेला हातही काम वाचवू शकत नाही.

कलाभवनाची शिकवण

हा विषय बडोद्यात मांडताना एका गोष्टीचे स्मरण करणे उचित आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली या नगरीत कलाभवनाची स्थापना केली. प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्या संस्थेचे पहिले प्रमुख. रसायनशास्त्राचे ते विद्वान होते. धंदेशिक्षण लोकांच्या स्वतःच्या भाषेतून दिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता, आणि म्हणूनच कलाभवनात रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे विषय गुजरातीतून शिकविले जात. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवन हे त्या विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत समाविष्ट झाले.

कलाभवनाच्या मुळाशी असलेला विचार आजही तितकाच उपयोगी आहे. कारागिराला 'असे कर' एवढेच सांगून भागत नाही. 'असे का करावयाचे' हेही त्याच्या भाषेत सांगावे लागते. कारण ठाऊक असलेला कारागीर नवीन अडचण आली तरी मार्ग काढतो. म्हणून प्रथम कारणे सांगतो, नंतर कृती सांगतो.

धातूचा स्वभाव

अ‍ॅल्युमिनियमचे चार गुण वेल्डिंग करणाऱ्याने मनात पक्के धरावेत.

पहिला गुण असा की, तो उष्णतेने फार प्रसरण पावतो. एक मीटर लांबीची लोखंडी पट्टी १०० अंश सेल्सिअसने तापविली तर ती सुमारे १.२ मिलिमीटरने वाढते. तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे २.३ मिलिमीटरने वाढते. म्हणजे जवळजवळ दुप्पट. जितके प्रसरण, तितकेच थंड होताना आकुंचन.

दुसरा गुण उष्णतावहनाचा. साध्या पोलादाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियमच्या सामान्य मिश्रधातूंतून उष्णता तीन ते चार पट सहज वाहते. सांध्यावर दिलेली उष्णता तेथे थांबत नाही, ती सर्व पत्र्यात पसरते. त्यामुळे सुरुवातीला धातू वितळता वितळत नाही, आणि शेवटी सगळा तुकडा तापून गेल्यावर क्षणात भोक पडते.

तिसरा गुण ताठरपणाचा. पोलादाच्या मानाने अ‍ॅल्युमिनियमचा ताठरपणा एक तृतीयांश आहे. ज्या ओढीने लोखंडी पट्टी जेमतेम हलेल, त्याच ओढीने अ‍ॅल्युमिनियमची पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी वाकते.

चौथा गुण सर्वांत फसवा आहे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे जो पातळ थर सदैव जमलेला असतो, तो २००० अंशांच्याही पुढे वितळतो. आतला धातू पाण्यासारखा झालेला, आणि वरची साय मात्र जशीच्या तशी, असा प्रकार होतो. शिवाय लोखंड वितळण्यापूर्वी लाल होऊन सूचना देते. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. दिसायला थंड असलेला तुकडा हात भाजून काढतो, आणि दिसायला घट्ट असलेला पत्रा एकाएकी गळून पडतो.

टिग पद्धत कशी चालते

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१-४२ च्या सुमारास, अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची न वितळणारी कांडी आणि हेलियम वायू यांच्या साहाय्याने मॅग्नेशियम जोडण्याची पद्धत विकसित केली. तिचेच आजचे रूप म्हणजे टिग वेल्डिंग. आपल्याकडे हेलियमऐवजी आर्गॉन वापरतात. टंगस्टन व काम यांच्यामध्ये आर्क जळतो. टॉर्चच्या तोंडातून येणारा आर्गॉन वायू वितळलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवतो. आणि लागेल तेवढा धातू दुसऱ्या हातातील फिलर सळईने भरला जातो.

अ‍ॅल्युमिनियमसाठी यात प्रत्यावर्ती, म्हणजे ए. सी. प्रवाह वापरतात. टंगस्टन ऋण असते तेव्हा बहुतेक उष्णता कामात उतरते व धातू वितळतो. टंगस्टन धन असते तेव्हा आर्गॉनचे विद्युत्‌भारित कण पृष्ठभागावर आदळून वरची साय फोडतात. कारागीर याला सफाई म्हणतात. टंगस्टन सतत धन ठेवले तर त्याचेच टोक वितळून पडेल, आणि सतत ऋण ठेवले तर साय फुटणार नाही. दोन्ही कामे आळीपाळीने व्हावीत म्हणून ए. सी. लागतो. तेव्हा घरगुती यंत्र विकत घेताना त्यावर 'टिग' असे लिहिले आहे एवढे पाहून भागणार नाही. पुष्कळ स्वस्त यंत्रे फक्त डी. सी. देतात. ती स्टेनलेस स्टीलला चालतात, अ‍ॅल्युमिनियमच्या अशा कामाला चालत नाहीत. ए. सी. व डी. सी. दोन्ही देणारे यंत्रच घ्यावे, आणि पायाने प्रवाह कमीजास्त करण्याचे पेडल मिळत असेल तर त्यावर पैसे खर्च करावेत.

प्रवाहाचा ढोबळ हिशेब असा : पत्र्याच्या जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ४० अ‍ॅम्पिअर. तीन मिलिमीटर पत्र्याला सुमारे १२० अ‍ॅम्पिअर व २.४ मिलिमीटर जाडीचे टंगस्टन पुरते. आर्गॉनचा प्रवाह मिनिटाला सात ते दहा लिटर असावा. सात घनमीटरच्या भरलेल्या टाकीतून मिनिटाला आठ लिटर वापरल्यास साडेचौदा तास वायू पुरतो. हा हिशेब वहीत ठेवला म्हणजे गिऱ्हाइकाला दर सांगताना अंदाज चुकत नाही.

सफाई

सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम स्वच्छ फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन तेल व मळ पुसावा. ते पूर्ण उडून गेल्यावर मगच स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या ब्रशने घासावे. उलट क्रमाने केल्यास तेल ब्रशच्या ओरखड्यांत बसते व निघत नाही. हा ब्रश अ‍ॅल्युमिनियमसाठीच राखून ठेवावा. त्याने एकदा जरी लोखंड घासले तरी लोखंडाचे कण सांध्यात जातात. फिलर सळईदेखील पुसून घ्यावी, कारण तिच्यावरही साय व मळ असतो.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम हायड्रोजन वायू मोठ्या प्रमाणात शोषून घेते, आणि घट्ट होताना तो बाहेर टाकते. बाहेर पडू न शकलेला वायू सांध्यात बारीक छिद्रांच्या रूपाने राहतो. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून व तेलातून. म्हणून दमट दिवसांत तुकडा हलकेच शेकून कोरडा करावा; पण १०० अंशांच्या फार पुढे जाऊ नये.

बाक का येतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सांध्यापाशी धातू तापतो व फुगू पाहतो. पण भोवतालचा थंड धातू त्याला जागा देत नाही. तापून मऊ झालेला भाग मग तेथल्या तेथे चेपला जातो. थंड होताना तो आकसतो, आणि चेपल्यामुळे मुळात होता त्याहून आखूड होतो. भोवतालचा धातू मात्र पूर्वीच्याच लांबीचा आहे. या दोघांच्या रस्सीखेचीतून बाक, पीळ व लाटा उत्पन्न होतात.

यावरून चार निष्कर्ष निघतात.

एक, सांध्यात जितका धातू कमी भरावा तितकी ओढ कमी. कोनातील सांध्याची भुजा तीन मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटर केली, तर भरलेला धातू दुप्पट नव्हे, चौपट होतो. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा हिशेब शिक्षक बंधूंनी मुलांना येथे करून दाखवावा. जाड सांधा म्हणजे मजबूत सांधा, ही समजूत सोडली पाहिजे. पाणी अडवावयाचे नसेल तेथे सलग सांध्याऐवजी तुटक सांधे पुष्कळदा पुरतात.

दोन, फट जितकी कमी तितके बरे. चौकटीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत कापताना करवत, गुण्या व कानस यांच्यावर अधिक वेळ घालवावा. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फट राहिली तर ती धातूने बुजविण्याचा मोह न धरता तुकडा पुन्हा कापावा.

तीन, काम रेंगाळू नये. भोक पडेल या भीतीने नवशिके प्रवाह कमी ठेवतात आणि टॉर्च एकाच जागी धरून बसतात. तोपर्यंत उष्णता सर्व तुकड्यात पसरते, व बाक वाढतो. पुरेसा प्रवाह, झटपट तयार होणारे वितळलेल्या धातूचे लहान तळे आणि पुढे सरकणारा हात, यांनी एकूण उष्णता कमी जाते. मात्र जसजसा तुकडा तापत जाईल तसतसा प्रवाह पेडलने उतरवीत न्यावा.

चार, ओढीला समोरून ओढ द्यावी. एका बाजूचा सांधा वस्तूला ज्या दिशेने ओढतो, त्याच्या विरुद्ध बाजूचा सांधा तिला परत आणतो. क्रम लावावयाचा तो याच हिशेबाने.

टाके

शिवणकामात कापड शिवण्यापूर्वी धावदोरा घालतात, तसेच हे टाके. कारागीर त्यांना टॅक म्हणतात. टाका हा तात्पुरता आहे म्हणून तो कसाही मारावा, असे समजणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. मुख्य सांधा चालू असताना सगळी ओढ या टाक्यांवर येते. कच्चा टाका तुटतो, फट उघडते, आणि काम तेथेच बिघडते.

दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर टाका सुमारे दहा मिलिमीटर लांब व तळापर्यंत उतरलेला असावा. दोन टाक्यांत पन्नास ते पंचाहत्तर मिलिमीटर अंतर ठेवावे. पत्रा दीड मिलिमीटरचा असेल तर अंतर निम्म्यावर आणावे. लांब सरळ सांध्यावर पहिला टाका एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मधोमध, आणि मग प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर, असे अंतर निम्मे निम्मे करीत जावे. एका टोकापासून ओळीने टाके मारीत गेल्यास दुसऱ्या टोकाला कडा एकमेकींवर चढतात किंवा फाकतात.

टाक्यात फिलर घालण्यास कंटाळू नये. खिडक्यांच्या व चौकटींच्या नळ्यांत वापरली जाणारी ६०६३, तसेच ६०६१ ही मिश्रधातूंची जात फिलरवाचून वितळविली तर घट्ट होताना तडकते. त्याचप्रमाणे टाक्याच्या शेवटी प्रवाह एकदम तोडू नये. तो हळूहळू उतरवीत खळगा धातूने भरून घ्यावा आणि वायू आठ-दहा सेकंद चालू ठेवून टॉर्च तेथेच धरावा. टाक्यात तडा दिसला तर त्यावरून सांधा ओढू नये. तो टाका कानशीने किंवा ग्राइंडरने पूर्ण काढून नवा घालावा. झाकलेला तडा बरा होत नाही, तो वाढतो. चांगल्या टाक्यांचीही दोन्ही टोके कानशीने उतरती करावीत, म्हणजे मुख्य सांधा त्यांत मिसळून जातो.

एका चौकटीचे उदाहरण

समजा, ८०० मिलिमीटर लांब व ६०० मिलिमीटर रुंद अशी चौकोनी नळीची चौकट करावयाची आहे. दूध संकलन केंद्रावरील मेजासाठी, शाळेतील फळ्यासाठी किंवा खिडकीच्या जाळीसाठी अशी चौकट नेहमी लागते.

तुकडे कापून, पुसून, घासून घ्यावेत. सपाट व जाड लोखंडी पाटावर ते मांडून क्लॅम्पने दाबावेत. सांध्याच्या खाली तांब्याची किंवा जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठेवता आली तर ती उष्णता शोषून घेते व बाक कमी करते. प्रत्येक कोपऱ्याच्या वरच्या बाजूस एकेक छोटा टाका घालावा आणि लगेच दोन्ही कर्ण मोजावेत. या मापाच्या चौकटीचा कर्ण बरोबर १००० मिलिमीटर आला पाहिजे, कारण सहाशे, आठशे व हजार या संख्या तीन, चार व पाच यांच्या प्रमाणात आहेत. एक कर्ण १००२ व दुसरा ९९८ भरला, तर चौकट तिरकी आहे. यावेळी हाताने हलकी दाबून ती गुण्यात आणता येते. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर हातोडीनेही ती तशी येणार नाही. टाके हे मापणी व दुरुस्ती यांसाठी मिळालेली शेवटची सवलत आहेत.

कर्ण जुळले की चौकट उलटून दुसऱ्या बाजूस टाके घालावेत व पुन्हा मोजावे. नंतर वरच्या बाजूचा एक कोपरा भरावा. त्यानंतर शेजारचा न घेता समोरचा, म्हणजे कर्णावरचा कोपरा घ्यावा. मग उरलेले दोन याच रीतीने. एक कोपरा भरून होईपर्यंत आधीचा निवत असतो. चौकट उलटून खालच्या बाजूस तोच क्रम ठेवावा. बाहेरच्या व आतल्या कडा शेवटी घ्याव्यात. आतला सांधा कोन आत ओढतो व बाहेरचा तो बाहेर ओढतो, म्हणून दोन्ही सारखेच बारीक ठेवावेत. सगळे झाल्यावर चौकट हाताला गार लागेपर्यंत क्लॅम्प काढू नयेत, आणि घाई करून पाणीही ओतू नये.

सपाट पत्र्याच्या लांब सांध्याला मागे-पुढे पद्धत वापरावी. सांध्याचे पन्नास-साठ मिलिमीटरचे भाग पाडावेत. काम एकूण डावीकडे सरकत असेल तर प्रत्येक भाग मात्र डावीकडून उजवीकडे, आधीच्या भागाच्या टोकापर्यंत भरावा. एकाच बाजूने भरावयाचा कोन आत मिटतो. तो किती मिटतो हे त्याच मालाच्या तुकड्यावर एकदा पाहून घ्यावे आणि खरे काम तितकेच बाहेर उघडे मांडावे. पोर आंधळेपणाने चालवू नये, आधी वाट चालून पाहावी, तशी ही चाचणी आहे.

फिलर सळई निवडताना दोन जाती बहुधा पुरतात. ४०४३ या सळईत सुमारे पाच टक्के सिलिकॉन असते. ती सहज वाहते व तडे कमी जातात, पण पुढे अ‍ॅनोडायझिंग करावयाचे असल्यास सांधा काळपट दिसतो. ५३५६ या सळईत सुमारे पाच टक्के मॅग्नेशियम असते. ती अधिक मजबूत व रंगाला जुळणारी आहे, पण ६५ अंशांहून अधिक तापमान सतत सोसणाऱ्या वस्तूला ती वापरू नये. भंगारातील अनोळखी तुकड्याबाबत सावध असावे. २०२४ व ७०७५ यांसारखे कठीण मिश्रधातू सांधले गेल्यासारखे दिसतात व नंतर तडकतात.

कोणते काम नाकारावे

या धंद्यात गिऱ्हाइकाला नाही म्हणावयास शिकणे हे सांधा करावयास शिकण्याइतकेच आवश्यक आहे. उष्णतोपचाराने कठीण केलेले अ‍ॅल्युमिनियम सांध्याच्या आजूबाजूस मऊ पडते. ६०६१ च्या कठीण प्रकाराची ताकद तेथे जवळजवळ निम्म्यावर येते, मग सांधा कितीही सुरेख दिसो. म्हणून माणसाचा जीव ज्यावर पेलावयाचा आहे अशी शिडी, वाहनाचा हँडल किंवा चाकाचा भाग घरी जोडू नये. प्रेशर कुकर मुळीच जोडू नये. जुन्याच्या दुरुस्तीपेक्षा नवा कुकर स्वस्त पडतो, आणि जीव त्याहून मोलाचा आहे. पेट्रोल-डिझेलची टाकी रिकामी व कोरडी दिसली तरी तिच्यातील वाफ स्फोटाला पुरेशी असते. अशी टाकी कोणाच्याही आग्रहाने टॉर्चखाली घेऊ नये.

दुधाच्या कॅनची दुरुस्ती करता येते; पण आतला सांधा गुळगुळीत, छिद्ररहित असला पाहिजे. छिद्रात दूध राहिले की तेथेच जंतू वाढतात आणि सबंध कॅनचे दूध नासते. ज्याला आतून स्वच्छ सांधा देता येत नाही, त्याने कॅन घेऊ नये.

घर व शेजार यांची सुरक्षितता

घरात काम करावयाचे म्हणजे घरातली माणसे जवळ असणार. टिगच्या आर्कमधून तीव्र अतिनील किरण निघतात, आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियम ते सर्व बाजूंना परावर्तित करते. दहा किंवा अकरा क्रमांकाची काच असलेला मुखवटा, पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे व हातमोजे हवेतच. नुसते पाहत उभे राहिलेल्या मुलाच्या डोळ्यांतही रात्री वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून कामाभोवती पडदा लावावा.

आर्गॉन विषारी नाही, पण तो हवेपेक्षा जड आहे. बंद खोलीत, तळघरात किंवा खड्ड्यात तो साचून हवेची जागा घेतो, आणि माणूस गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच बेशुद्ध पडू शकतो. काम संपताच टाकीची तोटी बंद करावी. वारा सांध्यावर येऊ नये, पण खोली उघडी व वाहती असावी. टाकी भिंतीला साखळीने बांधावी.

सफाईसाठी क्लोरीनयुक्त द्रावण, उदाहरणार्थ ट्रायक्लोरोएथिलीन, वापरू नये. त्याच्या वाफा आर्कच्या प्रकाशात फॉस्जीन नावाचा अत्यंत विषारी वायू बनवितात. अ‍ॅसिटोनही ज्वालाग्राही आहे. त्याची बाटली व फडके काम सुरू करण्यापूर्वी खोलीबाहेर ठेवावे. थोरियमयुक्त टंगस्टनची धूळ किरणोत्सारी असते. लँथेनमयुक्त टंगस्टन तेच काम करते, तेव्हा ते घ्यावे. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने आर्क पेटविणाऱ्या उच्च वारंवारतेच्या यंत्राजवळ जाऊ नये.

विजेसंबंधी एकच सांगतो. दिव्यांच्या तारेवर हे यंत्र जोडू नये. परवानाधारक तारतंत्र्याकडून मीटरपासून स्वतंत्र तार, योग्य क्षमतेचा एम. सी. बी. व खात्रीची अर्थिंग करून घ्यावी, आणि वाढीव भार मंजूर करून घ्यावा.

शिक्षक व अधिकारी यांस विनंती

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यासक्रम शिकविला जातो. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून देशात चालू आहे. तेथून बाहेर पडलेला तरुण गावी परततो तेव्हा त्याच्यासमोर खिडक्या, दुधाचे कॅन, सौरपट्ट्यांच्या चौकटी अशी अ‍ॅल्युमिनियमची कामे उभी असतात. गावातील जो कारागीर कोणत्याही संस्थेत गेला नाही, त्याच्यासमोरही तीच कामे असतात. शिक्षकांनी या विषयातील कर्ण, क्षेत्रफळ, प्रसरण व उष्णतावहन हे धडे वर्गातून उचलून जवळच्या वर्कशॉपमध्ये न्यावेत. एक मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उकळत्या पाण्यात धरून किती वाढते हे मोजून दाखविले, तर तो धडा मुले विसरणार नाहीत. जिल्हा उद्योग केंद्रांतील अधिकाऱ्यांनी कर्जाचा अर्ज तपासताना यंत्राच्या किमतीबरोबर मुखवटा, पडदा, वायूची टाकी व अर्थिंग यांचा खर्चही त्यात धरला आहे की नाही हे पाहावे. यंत्र मिळाले आणि संरक्षण राहिले, तर तो उद्योग कुटुंबाला आधार होण्याऐवजी संकट होतो.

कारागीर बंधूंना माझे सांगणे एवढेच की, पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकाचे काम घेऊ नका. एकाच जातीच्या मालाचे वीतभर तुकडे घ्या आणि रोज टाके घाला. दुसऱ्या दिवशी ते पक्कडीने मोडून पाहा, आत छिद्रे आहेत का, धातू तळापर्यंत उतरला आहे का, ते तपासा. प्रवाह, वायू, सळई व आलेला बाक यांची नोंद वहीत करा. टाका हवा तसा येऊ लागला की सांधा आपोआप येईल, आणि चौकट मोजल्यावर दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजे काम गिऱ्हाइकाच्या हाती द्यावयास हरकत नाही.